पीएच फक्त एका पॉइंटनं वाढला, तरी मासे का मेले?

पत्र: ताई, सिन्नर तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि 30 बाय 30 चं, कागद टाकलेलं शेततळं आहे. पावसाळ्यात नाल्याचं पाणी उचलून भरतो. दोन वर्षांपासून त्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस सोडतोय. यंदा एप्रिलात खरड छाटणीच्या गडबडीत तळ्याकडे लक्ष नव्हतं, पाणी हिरवंगार झालं आणि आता रोज दुपारी चार-पाचच्या सुमाराला मासे वेड्यासारखे पळतात, संध्याकाळी पाच-दहा उलटे झालेले दिसतात. फवारणीसाठी घेतलेलं पीएच मीटर होतं, त्यानं बघितलं तर सकाळी 7.9 आणि दुपारी 9.1. बस एवढाच फरक. खाद्यवाला म्हणतो चुना टाका, मित्र म्हणतो थोडं अॅसिड सोड, ड्रीपला सोडतोसच की. बायको म्हणते शेजारच्या बागेतलं औषध उडून आलं. खरंच एवढ्याशा फरकानं मासा मरतो का? आणि जाता जाता, आईला अॅसिडिटीचा त्रास आहे, गावात एकजण अल्कलाइन पाण्याचं मशीन विकतोय, घ्यावं का?

उत्तर:

दादा, आधी आजचं काम सांगते, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुम्ही चुन्याची गोणी फोडली तर माझ्या लिहिण्याला काही अर्थ राहणार नाही. चुना टाकू नका. अॅसिड पण नको. खाद्य आजपासून दोन दिवस पूर्ण बंद, मासे उपाशी मरत नाहीत दोन दिवसांत, काळजी करू नका. आणि शेण किंवा युरिया टाकत असाल तर तेही बंद. आता निवांत वाचा.

तुम्ही लिहिलंय "बस एवढाच फरक", तर सगळा घोळ इथंच आहे. सामूचा, म्हणजे पीएचचा, आकडा आपल्याला किलो-लिटरसारखा सरळ वाटतो पण तो तसा चढत नाही, दर एका आकड्याला दहापट चढतो. 7.9 वरून 9.1 म्हणजे पाण्यातले हायड्रोजन आयन जवळपास सोळापट कमी झाले. नुसत्या 0.3 च्या फरकाला दुप्पट किंवा निम्मे होतात. हा आकडा 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या माणसानं काढला (हो, तीच बीअरवाली कार्ल्सबर्ग), दशांशचिन्हानंतर शून्यांच्या रांगा लिहायला नकोत म्हणून. लिहायची सोय झाली खरी, पण तेव्हापासून सोळापट बदल कागदावर सव्वा दिसायला लागला आणि आपण सगळे त्याला फसतो.

माणसाचंच बघा ना. आपल्या रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 च्या मध्ये असतो, एवढ्याशा पट्टीत. तो 7.1 वर आला की माणूस आयसीयूत असतो आणि डॉक्टर धावपळ करत असतात, आणि 6.8 च्या खाली गेला तर बहुतेक वेळा हातचा जातो. 7.4 ते 7.1, म्हणजे तुमच्या भाषेत पाव पॉइंटपेक्षा जरासा जास्त. कारण असं की शरीरात सगळी कामं प्रथिनं करतात, आणि प्रथिनाचा आकार त्याच्या अंगावर कुठं किती विद्युतभार बसलाय त्यावर टिकतो. हायड्रोजन आयन वाढले की ते जाऊन चिकटतात, कमी झाले की सुटतात, भार बदलतो, आकार बिघडतो, काम थांबतं. दूध 6.6-6.7 ला मस्त पातळ असतं, विरजण लागून 4.6 च्या आसपास आलं की केसीन नावाचं त्यातलं प्रथिन एकमेकाला चिकटून दही होतं, तोच प्रकार. दह्याचं आपल्याला कौतुक, पण असं काही जिवंत पेशीत व्हायला लागलं तर संपलं.

पण तुमचे मासे याच्यामुळं थेट मेले असं मला वाटत नाही. रोहू-कटला-सायप्रिनसला 6.5 ते 9 पर्यंतचं पाणी चालतं, 9 च्या वर थोडा वेळ गेलं तरी धडधाकट मासा नुसत्या सामूनं लगेच उलटा होत नाही, नुसत्या सामूनं मरायला 11 च्या आसपास जावं लागतं. तुमच्या तळ्यात मारतोय तो अमोनिया, सामू फक्त त्याच्या हातात कोयता देतोय.

हे जरा सविस्तर सांगते कारण हे एकदा कळलं की बाकीचे निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल. मासा जे खाद्य खातो त्यातल्या प्रथिनाचा नायट्रोजन तो कल्ल्यांमधून अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो, आपल्यासारखी लघवीत युरिया करून टाकायची भानगड त्याला फारशी नाही. शिवाय न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा तळाशी कुजून अमोनिया होतो तो वेगळा. आता हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक भार असलेला, अमोनियम, तो कल्ल्यांच्या पडद्यातून सहजासहजी आत जात नाही, त्यामुळं बऱ्यापैकी निरुपद्रवी. दुसरा बिनभाराचा, तो सरळ आरपार रक्तात जातो आणि मेंदू-मज्जातंतूंवर बसतो. मासे वेड्यासारखे पळतात म्हणालात ना, ते यानंच होतं. किती अमोनिया कुठल्या रूपात राहणार हे ठरतं सामूवर आणि थोडंफार तापमानावर. पाणी 30 अंश धरलं तर 7.9 ला एकूण अमोनियातला साधारण 6 टक्केच विषारी रूपात असतो. आणि 9.1 ला? निम्मा!! म्हणजे किटवर एकूण अमोनिया सकाळी 1 आला आणि दुपारी पण 1 च आला तरी सकाळी त्यातला 0.06 विषारी होता आणि दुपारी 0.5. मत्स्यपालनवाले विषारी अमोनिया लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या खाली ठेवा म्हणतात. नवीन काही न टाकता, काही न मिसळता, त्याच पाण्यात त्याच माशांसाठी आठपट विष तयार झालं, ते पण जेवून झोप काढून उठेपर्यंत.

अजून एक वाईट गोष्ट. मासा स्वतःच्या अंगातला अमोनिया बाहेर टाकतो तो बाहेर तो कमी आहे म्हणून. बाहेरचा सामू चढला की ही वाट पण तुंबते, म्हणजे पाण्यात अमोनिया फार नसला तरी अंगातला साचायला लागतो. वरून आपण दुपारी तीनला खाद्य टाकलेलं असतं, त्याचं पचन चालू असतं. तुम्ही कधी टाकता ते लिहिलं नाहीत पण मी पैज लावते, दुपारचंच असेल.

आता सामू दुपारी चढतो का? तर ते हिरवं पाणी. शेवाळ दिवसभर उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, कार्बन डायऑक्साइड म्हणजे पाण्यातलं सौम्य आम्ल, ते गेलं की सामू वर. रात्री ऊन नाही, शेवाळ, मासे, तळाचे जिवाणू सगळेच श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड परत भरतो, सामू खाली. त्यामुळं सगळ्यात खालचा आकडा उजाडताना आणि सगळ्यात वरचा दुपारी तीन ते पाच. तुमचं मीटर बरोबर सांगतंय (तरी एकदा 7 आणि 9.18 च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणात, तपासून घ्या, फवारणीच्या मीटरचे हाल मला माहीत आहेत, इलेक्ट्रोड कोरडा पडलेला असतो).

यातनं एक सोपी परीक्षा निघते. मासे कधी त्रासात दिसतात? पहाटे वर येऊन तोंड उघडून हवा घेत असतील तर ऑक्सिजन कमी. दुपारी-संध्याकाळी सैरभैर होत असतील, कल्ले काळपट-तपकिरी नसून लाल असतील, तर सामू आणि अमोनियाचा जोडीनं मार. वहिनींचा संशय उडवून लावू नका हां, द्राक्ष पट्ट्यात तो रास्तच आहे, पण औषध आलं असतं तर ते घड्याळ बघून रोज चार वाजता मारत नाही, आणि बहुतेक कीटकनाशकं आधी पाण्यातले किडे, पाणभुंगे मारतात. काठाला ते वळवळताना दिसतायत का बघा. दिसत असतील तर औषधाचा संशय बराच कमी होतो. आणि शेजारची फवारणी ज्या दिवशी झाली ती तारीख लिहून ठेवा, मेलेले मोजता तेव्हा शेजारी मांडा, वहिनींना पण उत्तर मिळेल.

आता चुना. खाद्यवाल्याचं म्हणणं पूर्ण चूक नाही, अर्धवट आहे. तो कुठला चुना म्हणतोय? तुम्ही फवारणीसाठी बोर्डो मिश्रण करता, तुमच्याकडं कळीचा चुना पडलेला असतो, त्याच्या निवळीचा सामू 12 च्या वर असतो. 9.1 च्या पाण्यात दुपारी तो टाकलात म्हणजे उरलेला निम्मा अमोनिया पण विषारी करून दिला. कळीचा चुना वापरतात तो मासे सोडायच्या आधी, तळं रिकामं असताना, तळाच्या मातीचं निर्जंतुकीकरण म्हणून, तुमच्या तळ्याला तर कागद आहे, तिथं मातीचा पण प्रश्न नाही. दुसरा असतो कृषी चुना, म्हणजे नुसती चुनखडीची पूड, कॅल्शियम कार्बोनेट, किंवा डोलोमाइट. तो सामू उडवत नाही, हळूहळू विरघळतो, आणि त्याचा उपयोग वेगळाच आहे, तो खाली सांगते.

अॅसिडचं म्हणाल तर मित्राला सांगा ड्रीपची नळी आणि तळं एक नाही. ड्रीपमध्ये आम्ल फिरवून आपण साचलेला क्षार धुऊन काढतो आणि बाहेर सोडून देतो. तळ्यात टाकलंत तर जिथं पडेल तिथं मासा भाजतो, आणि समजा नीट मिसळून सामू 8 वर आणलात तरी उद्या दुपारी शेवाळ तो परत 9 च्या वर नेणार, उलट आणखी वर, कारण अॅसिडनं पाण्याची सामू धरून ठेवायची ताकद खाल्लेली असेल. शिवाय तळाच्या काळ्या गाळात हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा, त्याचं अमोनियाच्या बरोबर उलटं आहे, सामू उतरला की तो विषारी होतो. 8 ला त्यातला दहावा हिस्सा विषारी रूपात, 7 ला निम्मा. म्हणजे दुपारचं वाचवायला गेलो आणि तळाचं उठवलं. म्हणून मला सामू ढकलायचे उपाय आवडत नाहीत, कुठल्याच दिशेनं. सामू हलायचा थांबवा, तो कुठं आहे याची चिंता नंतर.

तो हलायचा थांबतो क्षारतेनं, अल्कलिनिटी म्हणतात ती. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट. ते भरपूर असले की शेवाळानं कार्बन डायऑक्साइड ओढला तरी झोका लहान राहतो. पावसाचं, नाल्याचं पाणी यात गरीब असतं, आणि तुमच्या कागदामुळं मातीतून काही मिळत नाही, म्हणून कागदाच्या शेततळ्यात झोका मोठा. जुन्या मातीच्या तळ्यात माशांना इतका त्रास नव्हता असं म्हातारी माणसं सांगतात त्यातलं एक कारण हे असू शकतं. तर पहिलं काम, तळ्याच्या आणि विहिरीच्या पाण्याची क्षारता तपासून घ्या, किट मिळतं, माती-पाणी परीक्षण करणारे पण करून देतात. तळ्यात लिटरला 50 मिलिग्रॅमच्या खाली आली तर वाढवायला हवी, 100 च्या पुढं नेली तर निवांत. आणि आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट सहसा चांगलं असतं, ड्रीपवर पांढरं साचतं ते तेच. तुमच्या विहिरीचं तसं निघालं तर सगळ्यात स्वस्त औषध घरातच आहे. तळाकडचं पाणी बागेला सोडा, त्यातलं नत्र वेलींना जाईल, आणि तेवढंच विहिरीचं तळ्यात भरा, एका वेळी दहा टक्क्यांच्या आसपास, रोज किंवा दिवसाआड. फक्त पाइप पाण्यात बुडवून सोडू नका, विहिरीच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, वरून फवारा करून पडू द्या.

खायचा सोडा टाका असं पण कोणीतरी सांगेल. काम करतो तो, झटपट करतो, पण हिशोब बघा. तुमच्या तळ्यात उतार धरून 20 लाख लिटर पाणी मानलं तर क्षारता नुसती 10 नं वाढवायला जवळपास 34 किलो सोडा लागतो, 50 नं वाढवायची तर 170 किलो. आणि तो सगळा सोडियम शेवटी बागेत जाणार, आधीच जमिनी चिबडायला लागल्यात तिकडं. लहान टाकी असती तर मी हो म्हटलं असतं. तुमच्यासाठी विहीर नाहीतर कृषी चुना, पोत्यातून थोडा थोडा, मासे सावरल्यावर. कृषी चुना 9 च्या पाण्यात जवळपास विरघळत नाही, तळाशी बसतो आणि रात्री सामू उतरला की हळूहळू सुटतो, म्हणून टाकल्या टाकल्या फरक दिसला नाही तर अजून दोन पोती ओतू नका.

आणि कृपा करून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकून शेवाळ मारू नका. तुमच्याकडं तेही पोत्यानं असणार, मोह होणार. एका दिवसात सगळं शेवाळ मेलं की ते कुजताना ऑक्सिजन खातं, अमोनिया सोडतं, पहाटेपर्यंत तळं पांढऱ्या पोटांनी भरतं. तांबं स्वतः पण माशाला विष आहे, आणि क्षारता कमी असलेल्या पाण्यात जास्तच. शेवाळाला खुराक बंद करा, म्हणजे खाद्य कमी आणि शेण बंद, आणि पाणी बदलत राहा, आठ-पंधरा दिवसांत रंग फिकट होतो.

खाद्य परत सुरू कराल तेव्हा आधीच्या निम्म्यानं आणि फक्त सकाळी, ऊन वर आल्यावर. पंधरा-वीस मिनिटांत संपेल तेवढंच. एरेटर (पाण्यात हवा मिसळायचं यंत्र) असेल तर रात्री बारा ते सूर्योदय चालवा, आणि वळवाचे ढग आले, दिवसभर ऊन नसलं तर त्या रात्री चुकवू नका, कारण हिरवं पाणी ढगाळ दिवशी ऑक्सिजन फार कमी तयार करतं पण रात्री खातं मात्र तेवढाच. अशा पहाटे माशाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरतो, आणि बऱ्याच माशांचं हिमोग्लोबिन असं आहे की रक्त जरा आम्लाकडं झुकलं की ऑक्सिजन नीट धरतच नाही, आधीच कमी आणि त्यात धरायला हात ढिले.

पुढच्या खेपेला बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, आणाल त्याबद्दल एक, कारण सगळे इथं चुकतात. पिशवी तळ्यात तरंगत ठेवतो आपण, तापमान सारखं व्हायला, ते बरोबर आहे. पण बंद पिशवीत सात-आठ तास मासे श्वास सोडत असतात, कार्बन डायऑक्साइड साचून आतला सामू बराच उतरलेला असतो आणि त्यामुळंच आत साचलेला अमोनिया निरुपद्रवी राहिलेला असतो. तोंड उघडलं, कार्बन डायऑक्साइड उडाला, वर तुमचं 9 चं पाणी ओतलं की त्याच अमोनियाचं विष होतं, पोरं पिशवीतच तडफडतात आणि आपण मत्स्यबीजवाल्याला शिव्या घालतो. म्हणून पिशवी बंदच तरंगत ठेवा, उघडल्यावर थोडं थोडं तळ्याचं पाणी घालून दहा-पंधरा मिनिटांत मोकळं करा, तासभर फोटो काढत बसू नका. आणि वेळ सकाळी आठ-नऊची धरा, तेव्हा ऑक्सिजन चढायला लागलेला असतो आणि सामू अजून खाली असतो. दुपारी चारला टेम्पो आला तर टेम्पो सावलीत लावा, थांबा, अंधार पडू द्या.

तुम्ही "एवढ्याशा फरकानं" म्हणालात म्हणून हे पण सांगून टाकते. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर व्हिस्की क्रीक नावाची कालवांची हॅचरी आहे, तिथं 2007-08 च्या सुमाराला पिल्लं लाखोंनी मरायला लागली, आधी रोगाचा संशय घेतला, शेवटी निघालं की खोल समुद्रातलं कार्बन डायऑक्साइड जास्त असलेलं, सामू थोडा कमी असलेलं पाणी वर येतंय आणि त्यात पिल्लांना शिंपला बांधताच येत नाही. त्यांनी केलेल्या उपायांमधला एक असा, की टाक्या दुपारी उशिरा भरायच्या, कारण खाडीतल्या वनस्पतींनी तोपर्यंत सामू चढवलेला असतो. तुमच्या माशांना जी वेळ मारते ती त्यांच्या कालवांना वाचवते. सामू वाईट किंवा चांगला नसतो, कोणासाठी आणि किती पटकन, एवढंच असतं.

राहिलं आईंचं मशीन. नका घेऊ. पोटातलं आम्ल 1.5 ते 3.5 सामूचं असतं, 9 चं पाणी एक ग्लास आत गेलं की काही मिनिटांत त्याचं अस्तित्व संपतं, पोट परत आम्ल सोडतं. आणि रक्ताचा सामू पाणी पिऊन बदलत नाही, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो धरून ठेवतात, विकणारा माणूस "शरीर अल्कलाइन होतं" म्हणाला तर त्याला विचारा झालं तर आयसीयूत कोण नेणार. किडनीचा त्रास किंवा त्याच्या गोळ्या चालू असतील तर असले प्रयोग अजिबात नको. त्रास किती दिवसांचा आहे, वजन कमी होतंय का, गिळताना अडकतं का, काळी शी होते का, हे विचारून घ्या आणि यातलं एक जरी असलं तर या आठवड्यात डॉक्टरांकडं न्या. नसलं तर रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी, आणि दुखण्याच्या गोळ्या गुडघ्यासाठी रोज घेत असतील तर त्या डॉक्टरांना दाखवा, पुष्कळ म्हाताऱ्या माणसांची अॅसिडिटी तिथूनच येते. मशीनच्या पैशात एरेटर घ्या.